ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी सीपीयूचं झाकण उघडा



सध्या जुन्या संगणकांचा विषय घरोघरी निघतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून "आता या मशीनचं करायचं काय?" हा प्रश्न शाळेत विचारला जातो, तसाच घरीही. नवा संगणक घ्यायला हात धजत नाही आणि जुना भंगारात द्यायला मन होत नाही. मग कुणीतरी सल्ला देतं, "ग्राफिक्स कार्ड टाका, मशीन नवं होऊन जाईल." मुलांची मागणी तर त्याच्याही आधीची आहे. आठवी-नववीतल्या मुलाला गेमसाठी कार्ड हवं असतं, अकरावीतल्याला व्हिडिओ एडिटिंगसाठी किंवा थ्रीडी शिकायला.

मी प्राथमिक शिक्षिका आहे, हार्डवेअरची इंजिनिअर नाही. पण शाळेत यू-डायस प्लसची माहिती भरायला संगणकावर बसणारी मीच, म्हणून गावातल्या पालकांनी मला संगणकाची डॉक्टर करून टाकलं आहे. शाळा सुटल्यावर फाटकाशी एखादे बाबा थांबलेले असतात. "मॅडम, पोट्टं ऐकूनच नाही राहिलं. कार्ड घेऊन द्या म्हणते. द्यावं का?" त्यांचं ते पोट्टं कधीकाळी माझ्याच वर्गात पाढे म्हणत होतं, म्हणून उत्तर टाळताही येत नाही.

घराघरात यावर जो वाद होतो, तो मला नेहमी चुकीच्या प्रश्नावर होताना दिसतो. वडील म्हणतात, हे सगळं गेमसाठी आहे. मुलगा म्हणतो, नाही, अभ्यासासाठी आहे. आई म्हणते, मित्राकडे आहे म्हणून पाहिजे. तिघंही थोडे थोडे बरोबर असतात, आणि महिनाभर भांडून शेवटी जो दमतो तो हरतो. पण त्या सगळ्या महिन्यात कुणी संगणकाचं झाकण उघडून पाहत नाही की हे कार्ड त्यात बसणार आहे का. माझ्या मते हा प्रश्न पहिला आहे. याचं उत्तर मतावर अवलंबून नाही. फूटपट्टीने मोजून, लेबल वाचून आणि एक गुणाकार करून ते मिळतं. आणि ते काढायचं काम कार्ड मागणाऱ्या मुलानेच करावं.

आपलं खामगाव चांदीसाठी ओळखलं जातं. इथे साधं पैंजण घेतानाही आपण काट्यावर ठेवल्याशिवाय पैसे देत नाही. आणि दहा-बारा हजारांचं कार्ड मात्र "मित्राच्या मशीनमध्ये चालते" एवढ्या शब्दावर घेतो! दहा-बारा हजार म्हणजे किती? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हमीभावानेही दोन क्विंटल सोयाबीन, आणि तो भाव ज्यांच्या हातात प्रत्यक्ष पडला ते शेतकरी आपल्या ओळखीत किती, ते तुम्हीच मोजा. शिवाय पाकीट फोडलेलं कार्ड "आमच्यात चालत नाही" म्हणून परत न्यायला गेलं की दुकानदाराचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिलं त्यालाच माहीत.

आधी एक गैरसमज दूर करू. ग्राफिक्स कार्ड टाकल्याने जुना संगणक विंडोज ११ साठी पात्र होत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. पिढी ओळखायला सोपी आहे. आय-फाइव्ह ४५७० मधला पहिला आकडा चार, म्हणजे चौथी पिढी. ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. चौथ्या पिढीच्या मशीनमध्ये कितीही भारी कार्ड खोचलं तरी प्रोसेसर चौथ्याच पिढीचा राहतो. विंडोज १० वरच राहायचं असेल, तर घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. त्याचा ग्राफिक्स कार्डाशी काही संबंध नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे "संगणक हळू चालतो म्हणून कार्ड हवं". चालू व्हायला पाच मिनिटं आणि फाइल उघडायला दोन मिनिटं लागत असतील, तर दोष बहुतेक वेळा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो किंवा रॅम कमी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात डिस्कच्या रकान्यात सतत ९०-१०० टक्के दिसत असेल, तर पैसे एसएसडीवर खर्च करा. कार्डाच्या कितीतरी कमी खर्चात मशीन पळायला लागेल. ई-बालभारतीची पुस्तकं, दीक्षा, जिओजेब्रा, स्क्रॅच, एक्सेलचे निकालपत्रक, यातल्या कशालाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्ये किंवा मदरबोर्डवर असलेलं ग्राफिक्स या कामांना पुरतं.

मग कार्ड कुणाला लागतं? नव्या गेम खेळणाऱ्याला, मोठे व्हिडिओ जोडणाऱ्याला, ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर थ्रीडी शिकणाऱ्याला. ब्लेंडरच्या अलीकडच्या आवृत्त्या तर किमान २ जीबी ग्राफिक्स मेमरी मागतात. ब्लेंडर फुकट आहे आणि खेड्यातलं लेकरूही ते शिकू शकतं, म्हणून अशा मागणीला सरसकट "गेमचे चाळे" म्हणणं मला पटत नाही. गेमसाठी मागितलं तरी मुलगा गुन्हेगार होत नाही म्हणा. तो निर्णय प्रत्येक घराने आपापला घ्यावा. मला बोलायचं आहे ते त्या निर्णयाआधीच्या कामाबद्दल.

झाकण उघडायचं म्हणजे काय करायचं

आपल्याकडे संगणकाच्या उभ्या डब्याला सगळे "सीपीयू" म्हणतात. खरं तर तो कॅबिनेट, पण मी इथे चालतं तेच म्हणते. मेनचं बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली, त्यानंतर सीपीयूचं चालू करण्याचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग पेचकसाने बाजूचं झाकण काढायचं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा बोट लावायचं. आपल्या भागात काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू यांचा थर आत नक्की सापडणार, तो मऊ ब्रशने काढून घ्या. एवढ्यानेही काही मशीनची घरघर कमी होते! एक मात्र पक्कं सांगून ठेवते. ज्या चौकोनी पेटीत वीज येते ती एसएमपीएसची पेटी कुणीही उघडायची नाही, मुलाने नाही आणि बाबांनीही नाही. वायर काढली तरी तिच्या आत विजेचा साठा राहू शकतो. आपल्याला फक्त तिच्यावरचं लेबल वाचायचं आहे.

आता जागा बघायची. मदरबोर्डवर सगळ्यात लांब खाच असते, तिला पीसीआय एक्सप्रेस एक्स-सोळा म्हणतात. साधारण २००५ नंतरच्या बहुतेक मशीनमध्ये ती असते. त्याआधीच्या मशीनमध्ये एजीपी नावाची वेगळी खाच असायची, तिच्यात आजचं कार्ड बसत नाही. तसं मशीन असेल तर विषय तिथेच संपला. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या आहेत, पण नवं कार्ड जुन्या खाचेत बसतं आणि कमी वेगाने चालतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका.

त्या खाचेपासून समोरच्या हार्ड डिस्कच्या खणापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं. कार्डाची लांबी कंपनीच्या माहितीत दिलेली असते. कुठलं १५० मिलिमीटरचं असतं, तर कुठलं ३०० च्या घरात जातं. जाडीही बघायची. बरीच कार्डं दोन खाचांची जागा खातात, मग शेजारच्या खाचेत वायफायचं कार्ड असेल तर ते काढावं लागतं. आणि उंची! ऑफिसातून निघालेले जे बारके, आडवे डेस्कटॉप अकोल्याहून किंवा नागपूरहून सेकंडहँड येतात, त्यांत पूर्ण उंचीचं कार्ड बसतच नाही. मागच्या पट्टीची पूर्ण उंची १२ सेंटिमीटर असते, बारक्या डब्याला आठ सेंटिमीटरच्या आसपासची पट्टी लागते. तिला लो प्रोफाइल म्हणतात. डबा बारका असेल तर कार्ड निवडताना पहिला शब्द हाच शोधायचा.

खरी गोम विजेत आहे

जागेचं गणित चुकलं तर कार्ड बसत नाही, एवढंच. विजेचं गणित चुकलं तर मशीन मध्येच बंद पडतं, वायरीचा वास येतो, कधी मदरबोर्डही जातो. म्हणून इथे जरा थांबून वाचा.

मानकाप्रमाणे एक्स-सोळा खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळू शकतात. याहून जास्त लागत असतील तर एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५० वॉट. काही बारक्या डब्यांत खाचेची मर्यादा ७५ पेक्षाही कमी असते, ते मॉडेलच्या पुस्तिकेत बघावं लागतं. जुन्या कंपनी डेस्कटॉपमध्ये ही सहा किंवा आठ पिनांची वायर बहुतेक वेळा नसतेच. झाकण उघडल्यावर मुलाने पहिली शोधायची ती हीच.

आपल्याकडे घरोघरी फिरणारा एक नमुना घेऊ. डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०२०, उभा डबा, आत आय-फाइव्ह ४५७०. याचा एसएमपीएस २९० वॉटचा. प्रोसेसरचा आकडा ८४ वॉट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ढोबळ ५० धरू. मुलाने मागितलं आहे आरएक्स ५८०, कारण सेकंडहँड बाजारात ते स्वस्त मिळतं. त्या कार्डाचा आकडा १८५ वॉट. आता बेरीज करा. ८४ अधिक ५० अधिक १८५, झाले ३१९. एसएमपीएस २९० चा. उत्तर मिळालं, भांडणाची गरजच नाही! त्याच मशीनला जीटीएक्स १६५० चं ७५ वॉटचं कार्ड धरलं तर बेरीज २०९ होते आणि गाडी बरीच आवाक्यात येते. पण इथेही डोळे उघडे ठेवायचे. काही कंपन्यांच्या १६५० ला सहा पिनांची वायर लागते, काहींच्या लागत नाही. नाव एकच, कार्ड वेगळं. फोटोत कार्डाच्या कडेला पिनांचं तोंड आहे का ते बघायचं.

"मग एसएमपीएस बदलू", असं दुकानदार म्हणेल. बदलता येतो, पण याच डेल मॉडेलमध्ये मदरबोर्डला जाणारं विजेचं कनेक्टर आठ पिनांचं आहे. बाजारातल्या साध्या एसएमपीएसचं चोवीस पिनांचं तोंड त्यात थेट जात नाही, मध्ये कन्व्हर्टर घालावा लागतो. असेंबल केलेल्या मशीनला ही अडचण नसते.

असेंबल मशीनची गंमत वेगळीच. पेटीवर ठळक अक्षरात "४५०" छापलेलं असतं आणि आपण खूश होतो. त्याच लेबलवर बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचायचं, कारण कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः तिथून वीज घेतात. समजा तिथे १४ लिहिलंय. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट. पेटीवर साडेचारशे आणि कामाचे दीडशे-पावणेदोनशे! हा गुणाकार चौथी-पाचवीचं पोर करतं. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट, हे सूत्र पुढे विज्ञानात येतं. पण ते ज्या मुलाने स्वतःच्या मशीनचं लेबल वाचून एकदा वापरलं, त्याला पाठ करावं लागत नाही.

एका गोष्टीला मात्र सरळ नाही म्हणा. आठ पिनांची वायर नाही म्हणून डिस्कच्या वायरीतून कन्व्हर्टर लावून कार्ड चालवायचं, हा उपाय बऱ्याच ठिकाणी सुचवला जातो. डिस्कच्या साटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर साधारण ५४ वॉट जाणं अपेक्षित आहे. त्यातून शंभर-दीडशे ओढले तर प्लास्टिक वितळतं. आपण घाटाखालचे लोक, मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ ला आणि संगणक ज्या खोलीत तिथे कूलर असेलच असं नाही. अशात हा प्रयोग घरात नको.

यूपीएस तर सगळेच विसरतात, आणि लाइट येण्या-जाण्याच्या आपल्या भागात त्याच्याशिवाय चालत नाही. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटचा असतो. त्यावर मॉनिटरही असतो, आणि एसएमपीएस स्वतःही थोडी वीज खातो. आधी निवांत पेलणारा यूपीएस मोठं कार्ड लावल्यावर लाइट जाताच कुंई करून बंद पडतो. मग पालक म्हणतात बॅटरी गेली, आणि नवी बॅटरी टाकतात. बिचारी बॅटरी चांगलीच होती.

बसलं, वीजही पुरली, तरी

मॉनिटरची वायर बघा. शाळांतले प्रोजेक्टर आणि घरातले जुने मॉनिटर निळ्या तोंडाच्या व्हीजीए वायरीवर चालतात. जीटी ७१० सारख्या जुन्या कार्डांवर व्हीजीए बहुतेक मिळतं. जीटी १०३०, जीटीएक्स १०५० आणि त्यापुढच्या कार्डांतून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. डीव्हीआयच्या तोंडाला दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा जोड लावून काही उपयोग नाही. एचडीएमआयचं व्हीजीएत खरोखर रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. आणि कार्ड लावल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डवरून काढून कार्डावर लावायची असते. हे सांगायला सोपं वाटतं, पण "कार्ड टाकून काहीच फरक पडला नाही" अशी तक्रार आली की मी आधी मागे वाकून वायर बघायला सांगते.

मग ड्रायव्हर. मशीनवर अजून ३२-बिट विंडोज ७ असेल, आणि जुन्या मशीनवर ती असतेच, तर एनव्हिडियाने २०१८ पासून ३२-बिट विंडोजसाठी नव्या आवृत्तीचे ड्रायव्हर काढणं थांबवलेलं आहे. कार्ड बसेल, चित्र दिसेल, पण कार्डाचं खरं काम होणार नाही. आपलं मशीन कोणतं, किती बिटचं, मदरबोर्ड कोणता, बायोस कधीचं, हे बघायला झाकणही उघडावं लागत नाही. विंडोजचं बटण आणि आर दाबा आणि एम एस आय एन एफ ओ ३२ ही अक्षरं इंग्रजीत टाइप करा. सगळी कुंडली समोर येते. बायोस फार जुनं असेल तर काही मशीन नव्या कार्डासोबत स्क्रीनच दाखवत नाहीत, त्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर नवं बायोस आहे का बघावं. इंटेलची आर्क कार्डं तर जुन्या मशीनसाठी नकोच. त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय लागते आणि इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सुचवतं.

आणखी एक नाव डोक्यात ठेवा, आरएक्स ६४००. कागदावर ५३ वॉट, वेगळी वायर नको, लो प्रोफाइलमध्येही मिळतं. जुन्या मशीनला अगदी नवरदेव शोभावा तसं! पण ते सोळाऐवजी फक्त चार मार्गिका वापरतं. नव्या मदरबोर्डवर चार मार्गिका वेगवान असल्यामुळे निभतं. जुन्या पीसीआय एक्सप्रेस २.० मदरबोर्डवर मात्र त्याच चार मार्गिका म्हणजे सेकंदाला २ जीबी, सोळा असत्या तर ८ जीबी. चौपदरी रस्त्याच्या जागी बैलगाडीची वाट मिळते आणि कार्ड अर्धवट राबतं.

सेकंडहँडबद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी मायनिंग पद्धत बंद झाली आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही चांगली चालतात, पण कोणतं चालेल हे नुसतं बघून कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे खोटी कार्डं. जुन्या जीटीएस ४५० च्या आतला प्रोग्रॅम बदलून तेच जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. विंडोज त्याला निमूटपणे १०५० टीआयच म्हणते. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी बरीच कार्डं ओळखून "खोटं" असा शेरा दाखवतं. पैसे देण्याआधी दुकानातच ते चालवून बघायचं. नवं घेतानाही एकाच नावात दोन माल असतात. जीटी १०३० हे जीडीडीआर५ मेमरीत आहे आणि साध्या डीडीआर४ मध्येही. दुसऱ्याचा मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. खोक्यावरचं ते एक अक्षर वाचलं नाही तर तेच नाव, जवळपास तेच पैसे आणि वेगळाच माल.

शाळेसाठी घ्यावं का?

माझं स्पष्ट मत: नाही, एखादा अपवाद सोडून. लोकवर्गणीतून चार-पाच हजार जमले आणि कुणी उत्साही पालक म्हणाले की संगणकाला ग्राफिक्स कार्ड देऊ, तर त्यांना हात जोडून सांगावं की त्याऐवजी एसएसडी आणि रॅम द्या. एकाच्या पैशात कदाचित दोन संगणक चालू होतील. शिवाय शाळेतलं मशीन जडवस्तू नोंदवहीत चढलेलं असतं. त्यातला भाग बदलायचा तर मुख्याध्यापकांच्या संमतीने, जुना भाग नोंदवून. घरच्यासारखा पेचकस घेऊन बसता येत नाही.

अपवाद असा. मशीन फार जुनं आहे, एसएसडी टाकूनही वर्गात व्हिडिओ अडखळतो. त्याचं कारण, यूट्यूब मोठ्या आकाराचे व्हिडिओ बहुतेक व्हीपी९ पद्धतीने पाठवतं आणि जुनं ग्राफिक्स ते स्वतः उलगडू शकत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. इथे लहान कार्डाचा उपयोग होऊ शकतो. पण अशा वेळी सर्रास विकलं जातं ते जीटी ७१०, आणि त्यालाही व्हीपी९ उलगडता येत नाही! जीटी १०३० ला येतं. पण १०३० वर व्हीजीए नाही आणि आपला प्रोजेक्टर व्हीजीएचा, म्हणजे कन्व्हर्टरचा खर्च धरा. त्याहून सोपं, व्हिडिओ ४८० वर ठेवून दाखवा किंवा आधीच डाउनलोड केलेली ई-साहित्याची फाइल लावा. दुसरी-तिसरीच्या मुलांना बेडकाचं जीवनचक्र ४८० वरही व्यवस्थित कळतं.

घरच्या बाबतीत मी पालकांना एकच काम देते. मुलाला म्हणा, कार्डाचं नंतर बोलू, आधी एका पानावर लिहून आण. खाचेपासून खणापर्यंत किती मिलिमीटर. डबा उभा की बारका. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर, गुणाकार किती. सहा-आठ पिनांची वायर आहे की नाही. प्रोसेसरचा आकडा, विंडोज किती बिट, बायोसची तारीख, मॉनिटरचं तोंड, यूपीएस किती वॉट. आणि ज्या कार्डाचं नाव घेतोस त्याची लांबी, वॉट आणि पिना. हे लिहायला एक रविवार पुरतो. यात मुलीही आल्या बरं का. "तिला काय करायचं मशीन उघडून" हे वाक्य मी पालक सभेत ऐकलं आहे आणि तिथल्या तिथे परतही दिलं आहे.

काही मुलं ते पान आणतात आणि स्वतःच सांगतात की बाबा, आपल्या मशीनमध्ये हे नाही चालणार. ही बातमी वडिलांनी दिली असती तर दार आपटलं असतं, पण स्वतःच्या हाताने मोजल्यावर कोणाशी रुसणार? काही मुलं दुसरं, लहान कार्ड शोधून आणतात. आणि काहींचं पान सगळं जुळतं, तेव्हा "नाही" म्हणायला पालकांकडे निदान तांत्रिक कारण उरत नाही.

जुळलं तर अकोल्याला जाताना त्या पानासोबत सीपीयूही घेऊन जा, पन्नासेक किलोमीटरच आहे. जुन्या चादरीत गुंडाळून एसटीत पायाशी ठेवता येतो, फक्त आडवा टाकू नका. दुकानात आपल्याच मशीनमध्ये कार्ड लावून घ्या, जीपीयू-झेड चालवा, एखादा व्हिडिओ किंवा गेम पंधरा मिनिटं चालू ठेवा, आणि मग पक्कं बिल मागा, ज्यावर कार्डाचं पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर लिहिलेला असेल.